थॉमस जेफरसन यांच्या घरची बिअर नेमकं बनवायचं कोण?

१७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफरसन पुढे तिसरे राष्ट्राध्यक्ष झाले. निवृत्तीनंतर मॉन्टिसेलोच्या घरी त्यांनी बिअर बनवायचा घाट घातला. १८१३ मध्ये युद्धामुळे व्हर्जिनियात अडकलेला इंग्रज ब्रुअर जोसेफ मिलर त्यासाठी कामी आला. पण त्याच्याकडून हे काम शिकले जेफरसन यांचे गुलाम पीटर हेमिंग्स.

गव्हाला मोड आणून माल्ट करायचं, हॉप्स घालून उकळायचं, मग यीस्टने आंबवायचं. जेफरसन यांनी पीटर यांच्या हुशारीचं कौतुक केलं, स्वातंत्र्य मात्र दिलं नाही.

१८२६ मध्ये कर्जबाजारी जेफरसन वारले. १८२७ च्या लिलावात एका नातेवाइकाने पीटर यांना अवघ्या १ डॉलरला विकत घेतलं. तेव्हा कुठे ते मोकळे झाले.