टॅल्बॉटची यॉर्कवारी

दिवसाला शंभर फोटो काढणाऱ्या मित्रांनो, जुलै १८४५ मध्ये एका माणसाने दिवसभर राबून बारा फोटो काढले आणि त्यावर तो जाम खूश होता. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बॉट त्याचं नाव.

हा १८०० सालचा जन्म. केंब्रिजला शिकलेला गणिती, लॅकॉक ॲबी या जुन्या मठात राहणारा जमीनदार. पैशाची ददात नव्हती, पण चित्रकलेत साफ नापास! १८३३ मध्ये इटलीत कोमो सरोवराकाठी चित्र काही केल्या जमेना, तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की हे काम उजेडाकडूनच का करून घेऊ नये? १८३५ मध्ये घरातल्या जाळीदार खिडकीची इवलीशी कागदी निगेटिव्ह त्याने मिळवली. त्याच्या छोट्या लाकडी कॅमेऱ्यांना बायको उंदराचे सापळे म्हणायची. एवढं करून स्वारी गप्प बसली. जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसहून दागेरच्या शोधाची बातमी आली आणि मग धावपळ उडाली. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दागेरचा फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटायचा. सुरेख, पण एकच. टॅल्बॉटच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. सप्टेंबर १८४० मध्ये त्याला आणखी एक गोष्ट सापडली. कागदावर काही दिसत नसलं तरी चित्र आत दडलेलं असतं, गॅलिक ॲसिडने ते वर येतं. त्यामुळे तासाचं काम मिनिटांवर आलं आणि कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडणं परवडू लागलं.

हिंडायला रेल्वे होतीच. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी धावायला अजून आठ वर्षं होती, पण यॉर्कमध्ये जुन्या तटालाच कमान पाडून रूळ आत नेले होते आणि १८४१ मध्ये तटाच्या आत स्टेशनही उघडलं होतं. (आज कुणी हात तरी लावू देईल का!) टॅल्बॉट आणि त्याचा मित्र, वेल्सचा पाद्री कॅल्व्हर्ट जोन्स, खोकी, तिवया आणि रसायनं असा सगळा संसार घेऊन तिथे पोचले. कागदावर ऐन वेळी रसायन लावायचं, अंधारात कॅमेऱ्यात भरायचा, आणि जमलं की फसलं ते डेव्हलप केल्यावरच कळणार. कॅमेरा मांडला की बघ्यांची ही गर्दी. लॉप लेन या अरुंद गल्लीतून दिसणारं प्रचंड मिन्स्टर चर्च त्यांनी टिपलं. पुढे ती गल्ली जाऊन तिथे रुंद रस्ता झाला, त्यामुळे तो फोटो आता पुरावाच झालाय.

आता पेटंटचं. १८४१ मध्ये त्याने ते घेतलं आणि इंग्लंडमध्ये लायसन्सचे पैसे मागितले. स्कॉटलंडमध्ये पेटंट नव्हतं, म्हणून एडिंबराचे हिल आणि ॲडमसन मोकळेपणाने हजारो फोटो काढू शकले. १८५४ मध्ये लारोश नावाच्या फोटोग्राफरशी खटला झाला. ज्युरीने शोध टॅल्बॉटचाच मानला, पण लारोशची काचेवरची पद्धत त्याच्या पेटंटमध्ये बसत नाही असं ठरवलं. झालं, पेटंट पुढे वाढवायचा नाद त्याने सोडला. लोकांनी त्याला लोभी म्हटलं. मला ते अर्धंच पटतं. फोटो छापायला रेडिंगला काढलेल्या कारखान्यात त्याने पदरचे पैसे घातले होते, आणि तो दोन-तीन वर्षांतच बंद पडला.

त्याची खरी डोकेदुखी वेगळीच होती. कागदावरचे फोटो फिके पडायचे. म्हणून तो फोटो धातूवर कोरून छापखान्याच्या शाईने छापायच्या मागे लागला. त्याची पेटंट १८५२ आणि १८५८ ची. मधल्या वेळात असीरियाची बाणाकृती लिपी वाचायचा उद्योगही चालू होताच! १८७७ मध्ये लॅकॉकलाच तो वारला, तेव्हाही शाईचं ते काम संपलेलं नव्हतं.