अकरा किलोचं 'पोर्टेबल'

मॅगझिनच्या मराठी विभागात लिहायची माझी ही पहिलीच वेळ. बारावीपर्यंत सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात ही आधीच विनंती! विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या पाठीवरचा आहे. अगदी शब्दशः पाठीवरचा.

माझं आजोळ हिर्डोशी. भोरहून महाडकडे जाणाऱ्या वरंध घाटाच्या रस्त्यावर, नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने गेलं की लागतं. गेल्या मे महिन्यात सबमिशनची कामं घेऊन तिकडे गेले. स्वारगेटहून भोर, भोरहून दुसरी एसटी, आणि रस्त्यापासून वाडीपर्यंत चढण. पाठीवर अडीच किलोचा लॅपटॉप आणि विटेएवढा चार्जर. वर पोचेपर्यंत खांदे गेले होते. तिथे मामा माझी वाटच बघत होता, कारण मामेभावाला यंदा कॉम्प्युटर डिप्लोमाला घालायचं होतं आणि लॅपटॉप कुठला घ्यायचा हे मी सांगायचं होतं. पोरगा रोज एसटीने भोरकडे ये-जा करणार, तीही बहुतेक वेळा उभ्याने. दुकानदार म्हणतो मोठा स्क्रीनच घ्या, छोटे आता कोणी मागतच नाही. मामाचे पैसे इंद्रायणीच्या पोत्यांमधून आलेले. म्हणजे माझा सल्ला चुकला तर एका वर्षाचं भात पाण्यात.

छोट्या, हलक्या मशीनला खरंच गिऱ्हाईक उरलेलं नाही का? हे शोधता शोधता मी अशा एका माणसापाशी पोचले, ज्याने हातात धरून न्यायचा कॉम्प्युटर पहिल्यांदा मोठ्या संख्येने विकून दाखवला. त्याचं नाव अ‍ॅडम ऑस्बॉर्न. एकेकाळी कॉम्प्युटरच्या दुनियेत हे नाव सगळ्यांना माहीत होतं. आज आपल्या वर्गात विचाराल तर दोन हातही वर होणार नाहीत.

ऑस्बॉर्नचा जन्म ६ मार्च १९३९ चा, बँकॉकमधला. वडील आर्थर ऑस्बॉर्न इंग्रज, आई पोलिश. वडील बँकॉकच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे, पण त्यांचा ओढा होता तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैच्या रमण महर्षींकडे. १९४१ मध्ये त्यांनी बायको आणि तीन मुलांना तिरुवण्णामलैला आणून ठेवलं आणि स्वतः नोकरीवर परत गेले. त्याच डिसेंबरात जपानी सैन्य तिथे घुसलं आणि वडील छावणीत कैद झाले, ते थेट १९४५ पर्यंत. इकडे आश्रमाशेजारी वाढणाऱ्या छोट्या अ‍ॅडमने महर्षींपुढे जाऊन, वडिलांना सुखरूप परत आणा असं गाऱ्हाणं घातल्याची आठवण सांगितली जाते. वडील परत आले. याच आर्थर ऑस्बॉर्न यांनी पुढे रमण महर्षींवर पुस्तकं लिहिली.

अ‍ॅडमची शाळा होती कोडाईकनालची प्रेझेंटेशन कॉन्व्हेंट. (हे वाचून मला उगाचच आनंद झाला. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांचं मराठी कच्चं असलं तरी काहीतरी होतं म्हणायचं!) अकराव्या वर्षी, १९५० मध्ये तो इंग्लंडला गेला. १९६१ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातून पदवी घेतली, मग अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातून १९६८ मध्ये पीएच.डी. शाखा केमिकल इंजिनिअरिंग. कॉम्प्युटरवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. कॅलिफोर्नियात शेल कंपनीत नोकरी लागली, तिथे कॉम्प्युटरची गोडी लागली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने नोकरी सोडली.

नोकरी सोडून काय केलं, तर मॅन्युअल्स लिहिली. मायक्रोप्रोसेसर तेव्हा नुकताच आला होता, पण तो वापरायचा कसा हे साध्या भाषेत सांगणारं कोणी नव्हतं. ऑस्बॉर्नने मायक्रोकॉम्प्युटरची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. प्रकाशक मिळेना, म्हणून स्वतःच छापलं आणि कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या मीटिंगला विकायला नेऊ लागला. हा तोच क्लब, जिथे अ‍ॅपलचा वॉझनियाक आपलं सर्किट दाखवायला यायचा. इम्साई नावाच्या कंपनीने आपल्या कॉम्प्युटर किटबरोबर ते पुस्तक द्यायला सुरुवात केली आणि गाडी सुसाट सुटली. १९७९ मध्ये त्याची प्रकाशन संस्था मॅकग्रॉ-हिलने विकत घेतली. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता आणि हातात पैसा होता.

आता खरी गोष्ट सुरू होते. ऑस्बॉर्न मासिकांत सदर लिहायचा आणि त्यात कॉम्प्युटर कंपन्यांना भरपूर झोडपायचा. त्याचा मुद्दा साधा होता. गिऱ्हाईकाला सर्वोत्तम मशीन नको असतं, पुरेसं मशीन हवं असतं. कंपनी एक डबा विकते, त्यावर ड्राइव्ह वेगळा, मॉनिटर वेगळा, सॉफ्टवेअर तर फारच वेगळं. बिचारा गिऱ्हाईक जोडण्या करत बसतो. हे सगळं एकत्र, एका डब्यात, उचलून नेता येईल असं का मिळू नये? टीका करणाऱ्याला लोक विचारतातच, मग तू करून दाखव. याने दाखवलं. होमब्रू क्लबमधलाच ली फेल्सेन्स्टाइन हा इंजिनिअर डिझाइनला घेतला आणि एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये 'ऑस्बॉर्न १' मांडला.

फोटो बघाल तर हसाल. आईच्या कव्हर घातलेल्या शिलाई मशीनसारखा डबा, वर हँडल. झाकण काढलं की झाकणातच कीबोर्ड. मध्ये पाच इंची स्क्रीन, म्हणजे आपल्या मोबाइलपेक्षाही लहान, आणि दोन्ही बाजूंना एकेक फ्लॉपी ड्राइव्ह. ४ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, ६४ केबी मेमरी. आत बॅटरी नाही, प्लग लावल्याशिवाय चालू होणार नाही. वजन ११ किलो! पण विमानाच्या सीटखाली मावेल असं माप ठरवून बनवलेला. आणि आधी काय होतं ते बघा. आयबीएमचा १९७५ चा ५१०० हा मॉडेल 'पोर्टेबल' म्हणूनच विकला गेला. त्याचं वजन २५ किलोच्या आसपास आणि किंमत जवळपास ९,००० डॉलरपासून पुढे. ऑस्बॉर्नची किंमत होती १,७९५ डॉलर. शिवाय वर्डस्टार, सुपरकॅल्क आणि बेसिकच्या दोन आवृत्त्या त्याच पैशात. सॉफ्टवेअर वेगळं विकत घेतलं असतं तर तेच जवळपास मशीनच्या किमतीला भिडलं असतं.

या डब्यातल्या तंत्रज्ञानात नवीन असं काहीच नव्हतं. प्रत्येक भाग बाजारात आधीच मिळत होता. व्हायवाला एक्स्टर्नलने यात नावीन्य काय असं विचारलं असतं तर ऑस्बॉर्न नापास झाला असता. नावीन्य एवढंच की गिऱ्हाईक कोण आहे हे त्याला दिसलं. पत्रकार, हिशेब करणारे, गावोगाव फिरणारे विक्रेते. काम तीन ठिकाणी आणि कॉम्प्युटर एकाच ठिकाणी, अशी माणसं. जुलै १९८१ पासून मशीन बाहेर पडायला लागली आणि भरात असताना महिन्याला १०,००० पर्यंत विक्री गेली. इंग्लिश ढबीत बोलणारा हा उंच, मिशीवाला माणूस सगळीकडे झळकू लागला. स्वतःची तुलना हेन्री फोर्डशी करायला त्याला मुळीच संकोच वाटत नसे.

पण पुढे जे झालं ते आपल्याला नीट समजून घ्यायला हवं. १९८२ मध्ये केप्रो आला. किंमत तीच, १,७९५ डॉलर. सॉफ्टवेअर त्याच्याही बरोबर. स्क्रीन नऊ इंची. आणि वजन? १३ किलो, ऑस्बॉर्नपेक्षा जास्त! पाठोपाठ कॉम्पॅकचा पोर्टेबल आला, तोही तेवढाच जड, स्क्रीन नऊ इंची आणि वर आयबीएम पीसीची सॉफ्टवेअर चालवणारा. गिऱ्हाईकं तिकडे वळली. दोन किलो जास्त उचलायला लोक तयार होते, पण पाच इंचांत डोळे फोडून घ्यायला नाही. ऑस्बॉर्नच्या स्क्रीनवर एका ओळीत फक्त ५२ अक्षरं मावायची. बाकीची ओळ बघायला आडवं सरकवत जावं लागायचं.

याच काळात ऑस्बॉर्नने एक चूक केली, जी मॅनेजमेंटच्या पुस्तकांत त्याच्या नावाने कायमची चिकटली. सात इंची स्क्रीनचं 'एक्झिक्युटिव्ह' हे मॉडेल दुकानात पोचायच्या आधीच त्याने त्याचा गाजावाजा केला. नवीन येतंय म्हटल्यावर दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या. माल पडून, पैसा बंद. १३ सप्टेंबर १९८३ ला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. याला 'ऑस्बॉर्न इफेक्ट' म्हणतात. मात्र नंतर अनेकांनी असंही दाखवून दिलं की खरा घाव केप्रो आणि कॉम्पॅकचा होता, शिवाय कंपनीचा आतला कारभारही ढिसाळ होता. मला स्वतःला हेच जास्त पटतं. एका घोषणेने कंपनी बुडाली ही गोष्ट सांगायला सोपी, म्हणून टिकली.

हा सगळा उत्कर्ष आणि ऱ्हास अडीच वर्षांतला. म्हणजे आपण फर्स्ट इयरला आलो तेव्हा सुरू झाला असता तर थर्ड इयरच्या सबमिशनपर्यंत खेळ खलास.

तो मात्र थांबला नाही. १९८४ मध्ये आपल्या कंपनीच्या वाताहतीवर सहलेखकाबरोबर पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी पेपरबॅक सॉफ्टवेअर ही कंपनी सुरू केली. कल्पना पुन्हा तीच, पुरेसं आणि स्वस्त. त्याची स्प्रेडशीट १०० डॉलरच्या आत मिळायची, तर लोटस १-२-३ ची किंमत ४९५ डॉलर. तिचे मेन्यू आणि कमांड लोटससारखे होते. लोटसने १९८७ मध्ये कोर्टात खेचलं आणि १९९० मध्ये निकाल ऑस्बॉर्नच्या कंपनीविरुद्ध गेला. मग १९९२ मध्ये आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर आणखी एक कंपनी काढली. वेळ पुन्हा चुकली, या वेळी बरीच लवकरची! पुढे मेंदूच्या आजाराने तो खंगत गेला आणि भारतात बहिणीकडे राहायला आला. गाव कोडाईकनाल, जिथे शाळेत गेला तेच. १८ मार्च २००३ ला झोपेतच तो गेला. वय ६४.

त्याच्या हयातीतच मशीन झपाट्याने हलकी होत गेली. १९८३ चा टीआरएस-८० मॉडेल १०० तर सव्वा-दीड किलोचा आणि चार पेन्सिल सेलवर चालायचा. वार्ताहरांमध्ये तो वर्षानुवर्षं टिकला. ऑस्बॉर्न गेल्यानंतर २००७ मध्ये असुसचा ई-पीसी आला. सात इंची स्क्रीन आणि एक किलोहून कमी वजन. दोन-तीन वर्षं नेटबुकची लाट आली आणि टॅबलेट आल्यावर ओसरली. २०१५ चं अ‍ॅपलचं बारा इंची मॅकबुकही ९२० ग्रॅमचं होतं, तेही २०१९ मध्ये बंद झालं. प्रत्येक वेळी लोक म्हणाले की छोट्याची मागणी संपली. पण मागणी संपणं कसं दिसतं ते आमच्या भोरच्या शेजारी, शिरवळला बघायला मिळालं. तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात टाइपरायटर बनायचे, ते २००९ मध्ये बंद झालं. टाइपरायटरचं काम दुसरं यंत्र पूर्णपणे करू लागलं होतं. उभ्याने एसटीत जाणाऱ्याचं ओझं मात्र अजून दुसऱ्या कोणी उचललेलं नाही. गिऱ्हाईक आहे, ते थोडं आहे आणि विखुरलेलं आहे. दुकानदाराला ते दिसत नाही, कारण तो त्याच्या दुकानापर्यंत पोचत नाही.

माझं गणित मी मामाला असं मांडलं. माझ्यासारख्या मेकॅनिकलवालीला कॅडसाठी जड मशीनला इलाज नाही. पण मामेभावाला पहिली दोन वर्षं प्रोग्रॅमिंग आणि रिपोर्ट एवढंच करायचं आहे. शेवटी पुण्यातून एका ऑफिसचा वापरलेला, साडेबारा इंची, १.३ किलोचा लॅपटॉप घेतला. मामाने तो एका हातात तोलून बघितला आणि एवढ्याचे एवढे पैसे का, असा चेहरा केला. आजीला तो पाटीएवढाच वाटला.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. पावसात एसटी भरून वाहते, पण सॅक पोटाशी धरून उभं राहता येतं म्हणे. पहिल्याच आठवड्यात मामेभावाची तक्रार आली. एक्सेलचे सगळे कॉलम स्क्रीनवर मावत नाहीत, आडवं सरकवत बसावं लागतं. मी त्याला फोनवरच बाणाचं बटण कुठे आहे ते सांगितलं.