राधानगरीच्या दगडातून अ‍ॅल्युमिनिअम कसं काढायचं, हे कोडं २२ वर्षांच्या पोरानं लाकडाच्या शेडमध्ये सोडवलं होतं

राधानगरी म्हटलं की आठवतं धरण, गवे आणि धो धो पाऊस. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या याच तालुक्यात दुर्गमानवाडीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण आहे. हे खनिज बेळगावच्या कारखान्यात जात आलंय. तिथं त्यातून अ‍ॅल्युमिना नावाची पांढरी पावडर वेगळी काढतात.

या पावडरीपासून अ‍ॅल्युमिनिअम बनवायची पद्धत दहावीची पोरं 'विद्युत अपघटनी क्षपण' म्हणून पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. ती पद्धत शोधणाऱ्या माणसाचं नाव चार्ल्स मार्टिन हॉल.

हॉलचा जन्म ६ डिसेंबर १८६३ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. तेव्हा अ‍ॅल्युमिनिअम म्हणजे चैनीची वस्तू. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर जेमतेम पावणेतीन किलोचा अ‍ॅल्युमिनिअमचा तुकडा बसवला, तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं होतं.

आता प्रश्न पडतो की जमिनीत एवढा भरपूर असलेला धातू इतका महाग का होता?

उत्तर वजनाच्या गणितात आहे. तेव्हा अ‍ॅल्युमिनिअमच्या क्लोराइडमधून धातू सोडवायला सोडिअम वापरायचे. अ‍ॅल्युमिनिअमच्या एका अणूमागे सोडिअमचे तीन अणू लागतात. म्हणजे २७ किलो अ‍ॅल्युमिनिअमसाठी ६९ किलो सोडिअम. एक किलो माल काढायला अडीच किलो महागडा कच्चा माल लागत असेल, तर तो स्वस्त होणार कसा? कुठल्या पदार्थाला दुसरा किती लागतो आणि हातात किती पडतं, या हिशोबालाच स्टॉइकिओमेट्री म्हणतात.

ओबरलिन कॉलेजात फ्रँक ज्युएट नावाचे प्राध्यापक हॉलला रसायनशास्त्र शिकवायचे. ते जर्मनीत शिकून आले होते आणि त्यांच्याकडे अ‍ॅल्युमिनिअमचा एक तुकडा होता. हा धातू स्वस्तात काढणारा माणूस जगाचं भलं करेल आणि स्वतःही श्रीमंत होईल, असं ते वर्गात सांगायचे. हॉलनं ते मनावर घेतलं.

१८८५ मध्ये पदवी मिळाली आणि घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये त्याची प्रयोगशाळा सुरू झाली. विजेसाठी बॅटऱ्यासुद्धा त्यानं स्वतःच बनवल्या. सोबतीला होती मोठी बहीण ज्युलिया. तिनंही त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेलं.

अडचण अशी की अ‍ॅल्युमिना वितळायला २००० अंशांच्या वर तापमान लागतं. हॉलनं तो वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवला. त्यामुळे १००० अंशांच्या आसपास काम भागलं. तरीही धातू काही मिळेना. मग त्याच्या लक्षात आलं की मातीच्या मुशीतली सिलिका विरघळून मिश्रण बिघडवतेय. त्यानं मुशीला आतून कार्बनचं अस्तर दिलं. २३ फेब्रुवारी १८८६ ला मुशीत अ‍ॅल्युमिनिअमचे चकचकीत गोळे दिसले. हॉल तेव्हा २२ वर्षांचा होता.

पण गोष्ट इथंच संपत नाही.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल हेरॉल्ट या तरुणानं हीच पद्धत शोधली. तोही १८६३ चाच जन्मलेला. त्यानं एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतलं आणि अमेरिकेतही हॉलच्या आधी अर्ज केला. हॉलचा अर्ज गेला जुलैमध्ये. पण अमेरिकेत शोध आधी कुणी लावला याला महत्त्व होतं. फेब्रुवारीची तारीख सिद्ध करायला ज्युलियाची साक्ष कामाला आली. १८८९ मध्ये पेटंट हॉलला मिळालं. पद्धतीला मात्र आज दोघांचं नाव आहे. ज्युलियाचं नाव त्यात नाही.

१८८८ मध्ये पिट्सबर्गमध्ये हॉलची कंपनी सुरू झाली. तीच पुढं अल्कोआ झाली. काही वर्षांतच अ‍ॅल्युमिनिअमचा भाव पाउंडाला एका डॉलरच्या खाली आला आणि हा धातू हळूहळू स्वयंपाकघरात पोचला.

आता हॉलच्या पद्धतीचा हिशोब बघा. अ‍ॅल्युमिनाचे दोन रेणू आणि कार्बनचे तीन अणू मिळून अ‍ॅल्युमिनिअमचे चार अणू आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू बनतात. वजनात मांडलं, तर २०४ आणि ३६ मिळून २४०. दुसऱ्या बाजूला १०८ आणि १३२, म्हणजे पुन्हा २४०.

म्हणजे एक टन अ‍ॅल्युमिनिअमला साधारण १,८९० किलो अ‍ॅल्युमिना आणि ३३३ किलो कार्बन लागतो. प्रत्यक्षात कारखान्यात कार्बन ४०० किलोच्या वर जातो, कारण थोडा हवेतच जळतो. समीकरणातला आकडा आणि कारखान्यातला आकडा यांच्यातला फरक म्हणजे नुकसान. ते कमी करणं हेच तिथल्या इंजिनिअरचं काम.

याच हिशोबात आणखी एक आकडा लपलाय. टनभर धातूमागे १.२ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच. वीज कितीही स्वच्छ वापरली, तरी कार्बनचे इलेक्ट्रोड आहेत तोवर हा आकडा टळत नाही. समीकरण धातूचा हिशोब देतं, तसा धुराचाही देतं.

हॉलनं लग्न केलं नाही. २७ डिसेंबर १९१४ ला ल्युकेमियानं तो गेला. हेरॉल्ट त्याच वर्षी मे महिन्यात गेला होता. हॉलच्या संपत्तीतला मोठा वाटा त्याच्या ओबरलिन कॉलेजला मिळाला.

ज्युएट सरांकडे दाखवायला फक्त एक तुकडा होता. कोल्हापूरच्या पोरांच्या जिल्ह्यात तर अख्खा डोंगर आहे. त्यातला एक दगड वर्गातल्या टेबलावर ठेवून यातून किती धातू निघेल आणि हवेत किती धूर जाईल, एवढं विचारलं, तरी धड्यातलं समीकरण पाठ करायची गरज पडणार नाही.