बोलपटाचा अबोल नायक

आमच्या नांदुऱ्यात महामार्गालगत हनुमंताची १०५ फूट उंचीची मूर्ती उभी आहे. बलोपासनेची ही परंपरा महाराष्ट्राने तालमींत जपली; मूकपटांच्या काळात तिलाच रुपेरी पडदा लाभला. त्याचे सर्वांत ठळक, तथापि आज विस्मृतप्राय झालेले उदाहरण म्हणजे मास्टर विठ्ठल.

१९०६ साली जन्मलेल्या विठ्ठल यांनी बालवयातच राजापूरकर नाटक मंडळीतून रंगभूमीवर पाऊल ठेवले. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत चित्रसंकलनापासून स्त्रीवेषातील नृत्यापर्यंत मिळेल ते काम त्यांनी केले. १९२५ साली स्थापन झालेल्या शारदा फिल्म कंपनीने ‘रतन मंजरी’त (१९२६) त्यांना नायक केले. कमावलेले शरीर, तलवारीचे हात आणि साहसाची हौस, एवढ्या भांडवलावर ते मूकपटांतील आघाडीचे नट झाले. भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणून त्यांची ख्याती झाली. तलवारीला भाषा लागत नाही. म्हणून तिची बाजारपेठ अवघा देश होती.

आर्देशीर इराणी यांनी ‘आलम आरा’साठी त्यांची निवड केली, तेव्हा करारभंगाचा आरोप ठेवून शारदा कंपनी न्यायालयात गेली. विठ्ठल यांची बाजू बॅ. महंमद अली जीना यांनी मांडली आणि ते जिंकले. आपले श्रम कोणाला विकावेत, हे ठरविण्याचा नटाचा हक्क त्या निकालाने अधोरेखित केला.

परंतु दैवाचा खेळ असा की, ज्या बोलपटासाठी ते भांडले, त्यानेच त्यांचे मोल उतरविले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात पहिला भारतीय बोलपट झळकला. परंतु नायकाची हिंदुस्थानी वाणी सफाईदार नसल्याने त्याला बराच काळ गुंगीत, अबोल ठेवावे लागले होते. हात तेच होते, तलवार तीच होती. यंत्र मात्र बदलले होते.

मराठी बोलपटांत त्यांना पुन्हा आधार सापडला. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये (१९३९) तलवारही आपली होती आणि भाषाही. तथापि हिंदीतले ते अग्रस्थान परत आले नाही. १९६९ साली त्यांचे निधन झाले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

कौशल्याची किंमत कौशल्यावर नव्हे, तर त्याला विचारणाऱ्या बाजारावर ठरते, हा अर्थशास्त्राचा कठोर धडा होय. न्यायालय कराराचे रक्षण करू शकते. कालबाह्यतेपासून रक्षण करणारे न्यायालय नाही. ती जबाबदारी समाजाची आहे. यंत्र बदलताना माणसाला नवी विद्या शिकण्यास अवधी आणि आधार देणे, हे औदार्य नव्हे; ते कर्तव्य आहे.