करकोच्यांकडून उडणं शिकलेला माणूस

पक्षी पंख मारतो आणि उडतो. पण पुढे कसा जातो? जर्मनीतल्या आंकलाम गावात १८४८ साली जन्मलेला ओटो लिलिएंथाल लहानपणापासून भाऊ गुस्ताफसोबत करकोचे न्याहाळायचा. १८८९च्या पुस्तकात त्याने उत्तर मांडलं : पंखाचा खांद्याजवळचा भाग वजन पेलतो, टोकं पुढे ढकलतात. १८९१पासून त्याने स्वतः ग्लायडरवर सुमारे २००० उड्डाणं केली. पंख फडफडवणारं यंत्रही बनवलं, पण त्याचं इंजिन धड चालेना. ९ ऑगस्ट १८९६ला ग्लायडरचा तोल गेला, तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये वारला. वय फक्त ४८. आजचे रोबो पक्षी पंखांची टोकं पिळत पुढे जातात, तेव्हा त्यानेच सांगितलेली गोष्ट करत असतात.