केटे पाउलुस

काथारिना ऊर्फ केटे पाउलुस (२२ डिसेंबर, इ.स. १८६८ : त्सेलहाउझेन, हेसे - २६ जुलै, इ.स. १९३५ : बर्लिन, जर्मनी) ह्या जर्मन बलूनचालक, हवाई छत्रीने उड्या घेणाऱ्या कसरतपटू आणि हवाई छत्र्यांच्या उत्पादक होत्या. बलून चालवण्यालाच व्यवसाय करणाऱ्या पहिल्या जर्मन महिला म्हणून त्या ओळखल्या जातात. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यासाठी त्यांनी सुमारे ७,००० हवाई छत्र्या तयार केल्या.

सुरुवातीचे जीवन

पाउलुस यांचा जन्म झेलिगेनश्टाट शहराजवळच्या त्सेलहाउझेन या खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. तरुणपणी त्या शिवणकाम करून उदरनिर्वाह करीत. १८९० च्या सुमारास त्यांची ओळख हेरमान लाटेमान यांच्याशी झाली. लाटेमान बलूनमधून उड्या मारण्याचे जाहीर प्रयोग करीत आणि स्वतःच्या कल्पनेप्रमाणे नवनवी साधने बनवून पाहत.

पाउलुस प्रथम त्यांच्या साहाय्यक झाल्या. बलूनचे कापड जोडणे, फाटलेली जागा सांधणे, हवाई छत्रीच्या पाकळ्यांसारखे तुकडे बेतून शिवणे ही कामे त्यांच्याकडे आली. या व्यवसायात शिवण उसवली तर जीव जाण्याचा धोका असे. त्यामुळे त्यांच्या हातातील कसबाला येथे वेगळेच मोल आले. पुढे दोघांचा वाङ्‌निश्चय झाला. १८९१ मध्ये त्यांना एक मुलगा झाला.

१८९३ मध्ये पाउलुस यांनी न्यूरेंबर्ग येथून पहिल्यांदा बलूनमधून उड्डाण केले. त्याच वर्षी एल्बरफेल्ड येथे त्यांनी हवाई छत्रीने पहिली उडी घेतली.

क्रेफेल्डची दुर्घटना

लाटेमान यांनी एक विशेष बलून तयार केले होते. उंचावर गेल्यावर त्यातील वायू सोडून द्यायचा आणि रिकाम्या झालेल्या कापडाचाच छत्रीसारखा उपयोग करून खाली उतरायचे, अशी त्यामागची कल्पना होती. १७ जून १८९४ रोजी क्रेफेल्ड येथील प्रयोगात पाउलुस यांनी आधी उडी घेतली. त्यांची छत्री व्यवस्थित उघडली. त्यानंतर लाटेमान यांनी वायू सोडला. परंतु कापडाला छत्रीचा आकार आलाच नाही. लाटेमान यांचे कोसळणे पाउलुस यांना आपल्या छत्रीखाली लोंबकळत असतानाच पाहावे लागले. या अपघातात लाटेमान यांचा मृत्यू झाला.

या धक्क्यानंतर पाउलुस काही महिने प्रयोगांपासून दूर राहिल्या. १८९५ मध्ये त्यांचा मुलगाही घटसर्पाने दगावला. तरीही त्या पुन्हा बलूनकडे वळल्या आणि पुढची सुमारे वीस वर्षे त्यांनी हाच व्यवसाय एकटीने चालवला.

जाहीर प्रयोग

जाहिरातींमध्ये पाउलुस यांचे नाव 'मिस पॉली' असे झळकत असे. त्या काळी स्त्रिया घोट्यापर्यंत पोहोचणारे झगे घालीत. पाउलुस मात्र गुडघ्यापर्यंतची फुगीर तुमान, उंच बूट आणि टोपी अशा वेशात टोपलीत चढत. हा वेश उडी मारण्याच्या सोयीचा होता. प्रेक्षकांमध्ये मात्र त्याची उडीइतकीच चर्चा होई. बलूनखाली सायकल टांगून तिच्यावर कसरती करण्याचे प्रयोगही त्यांनी केले. अशा प्रयोगांमुळे धाडसी आणि विक्षिप्त बाई अशी त्यांची प्रतिमा लोकांच्या मनात तयार झाली.

त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग दुहेरी उडीचा होता. यात पहिली छत्री उघडल्यावर काही वेळाने ती सोडून द्यायची, पुन्हा खाली कोसळायचे आणि मग दुसऱ्या छत्रीच्या आधाराने जमिनीवर उतरायचे, असा क्रम असे. छत्री सुटताना प्रेक्षकांना अपघात झाल्याचा भास होई. प्रत्यक्षात या प्रयोगाचे यश दोन्ही छत्र्यांची घडी आणि दोऱ्यांची मांडणी अचूक असण्यावर अवलंबून होते. आपल्या कारकिर्दीत पाउलुस यांनी पाचशेहून अधिक उड्डाणे केली आणि सुमारे दीडशे उड्या घेतल्या.

घडीची हवाई छत्री

जुन्या जाहीर प्रयोगांत हवाई छत्री सहसा बलूनखाली किंवा बलूनच्या बाजूला मोकळी लटकवलेली असे. अशी छत्री वाऱ्यात हेलकावे खाई, तिच्या दोऱ्या गुंतत आणि ती फार जागा व्यापी. छत्रीची व्यवस्थित घडी घालून ती पिशवीत बंद ठेवावी आणि उडी मारणाऱ्याच्या वजनानेच ती बाहेर खेचली जावी, या पद्धतीवर पाउलुस यांनी काम केले. घडीच्या छत्रीच्या शोधाचे श्रेय अनेकदा त्यांना दिले जाते. मात्र त्याच सुमारास इतर देशांतही असे प्रयत्न चालू होते. अमेरिकेत चार्ल्स ब्रॉडविक आणि रशियात ग्लेब कोतेल्निकोव यांनी अंगावर बाळगता येणाऱ्या छत्र्या तयार केल्या होत्या.

पहिले महायुद्ध आणि उत्पादन

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर पाउलुस यांचे जाहीर प्रयोग थांबले. आघाडीवर मात्र बलूनचे महत्त्व वाढले. पोलादी दोराने जमिनीशी बांधलेल्या बलूनच्या टोपलीतून निरीक्षक शत्रूची ठिकाणे पाहत आणि दूरध्वनीवरून आपल्या तोफखान्याला कळवीत. ही बलूने हायड्रोजन वायूने भरलेली असल्यामुळे शत्रूच्या विमानातून झाडलेल्या पेटत्या गोळ्यांनी ती क्षणात भडकत. निरीक्षकाला वाचण्यासाठी उडी मारण्याखेरीज मार्ग नसे.

पाउलुस यांची छत्री नेमकी या गरजेला उपयोगी पडली. छत्रीची पिशवी टोपलीच्या बाहेरच्या बाजूस बांधलेली असे आणि तिची दोरी निरीक्षकाच्या अंगावरील पट्ट्यांना जोडलेली असे. त्याने टोपलीबाहेर उडी घेतली की शरीराच्या भाराने छत्री पिशवीतून ओढली जाऊन उघडे. वेगळी कळ दाबण्याची किंवा दोरी ओढण्याची आवश्यकता नसल्यामुळे घाबरलेल्या किंवा जखमी माणसालाही ती वापरता येई.

बर्लिनच्या राइनिकेनडोर्फ भागात पाउलुस यांनी या छत्र्यांचे उत्पादन चालवले. युद्धकाळात तेथे तयार झालेल्या सुमारे ७,००० छत्र्यांमुळे अनेक निरीक्षकांचे प्राण वाचले. या कार्याबद्दल १९१७ मध्ये त्यांना युद्धसाहाय्यासाठीचे सन्मानपदक देण्यात आले. जर्मन विमानचालकांना मात्र हवाई छत्र्या युद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ मध्ये मिळू लागल्या. त्या प्रामुख्याने ऑटो हाइनेके यांच्या रचनेच्या होत्या.

अखेरची वर्षे

१९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी हवाई दल ठेवण्यास मनाई केली. त्यामुळे सैन्याकडून येणारी मागणी संपली. १९२३ मध्ये शिगेला पोहोचलेल्या चलनवाढीत पाउलुस यांची पुंजीही नाहीशी झाली. एकेकाळी हजारोंच्या गर्दीसमोर उड्या घेणाऱ्या या महिलेची अखेरची वर्षे बर्लिनमध्ये प्रसिद्धीपासून दूर गेली. २६ जुलै १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

पाउलुस यांची कबर राइनिकेनडोर्फ येथे असून बर्लिन शहराने तिला सन्मान्य कबरीचा दर्जा दिला. त्यांच्या जन्मगावातील शाळेलाही त्यांचे नाव आहे. त्यांची लोकप्रियता मुख्यतः साहसी उड्यांमुळे झाली; तथापि हवाई छत्रीच्या इतिहासात त्यांचे स्थान शिवणकामातून आलेल्या तांत्रिक कौशल्यामुळे अधिक महत्त्वाचे ठरते. जत्रेतील करमणुकीचे साधन असलेली हवाई छत्री जीव वाचवणारे उपकरण बनली, त्या स्थित्यंतराचे दोन्ही टप्पे पाउलुस यांच्या एकाच आयुष्यात आढळतात.