वि. म. दांडेकर

विनायक महादेव दांडेकर (६ जुलै १९२०, सातारा – ३० जुलै १९९५) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ होते. १९६६ ते १९८० या काळात ते पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाचे पहिले पद्धतशीर मोजमाप करणारी समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

संशोधन

ग्रामीण समाजरचना, कूळकायदा आणि शेती हे दांडेकरांच्या आरंभीच्या अभ्यासाचे विषय होते. १९७१ मध्ये नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २,२५० उष्मांक पुरविणारा आहार हा निकष लावून १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यात होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पीकविम्याची भरपाई एकेका शेताच्या नुकसानीवर न ठरवता त्या क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावर ठरवावी, ही कल्पनाही त्यांचीच. १९७९ पासूनची प्रायोगिक योजना व १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना तिच्यावर आधारलेली होती.

प्रादेशिक असमतोल सत्यशोधन समिती

१९५३ च्या नागपूर करारात विदर्भ व मराठवाड्याला विकासनिधीत न्याय्य वाटा मिळेल असे ठरले होते. परंतु किती कमी मिळाले याचा सर्वमान्य हिशेब तीस वर्षांनंतरही नव्हता. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९८४ मध्ये सादर झाला.

समितीने प्रदेशाऐवजी जिल्हा हे एकक धरले. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, पशुवैद्यक सेवा अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची स्थिती राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिली. जिल्हा सरासरीच्या खाली असेल तर ती तूट भरून काढण्याचा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा 'अनुशेष'. यांतील ग्रामीण रस्ते, प्राथमिक शाळा, दवाखाने ही कामे बऱ्याच अंशी जिल्हा परिषदांकडे असल्याने स्थानिक पातळीवरही या आकड्यांना अर्थ होता.

एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के होता. सर्वांत मोठी तूट सिंचनात होती.

पद्धतीवरील वाद व परिणाम

उर्वरित महाराष्ट्राला इतका मोठा वाटा मिळणे हे जिल्हा एकक धरल्याचेच फलित होते. कोकणासारख्या भागांतील तूटही त्यामुळे मोजली गेली. मराठवाड्यात व विदर्भात मात्र या निष्कर्षावर नाराजी उमटली. राज्याची सरासरी हीच फूटपट्टी धरण्यालाही मर्यादा होती: पुढारलेले जिल्हे पुढे जात राहिले की सरासरीही वर सरकते, आणि एका वर्षी मोजलेली तूट भरून काढली तरी अंतर उरतेच. तरीही अनुशेष हा शब्द विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत रूढ झाला, तो या अहवालामुळे. तोवर तक्रारीच्या स्वरूपात मांडल्या जाणाऱ्या मागणीला आता जिल्हावार रक्कम जोडता येऊ लागली.

१९९४ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१(२) अन्वये तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. मराठवाड्याच्या मंडळाचे कार्यालय औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे होते. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने नव्याने मोजदाद केली. दांडेकरांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९९७ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात अनुशेषाची रक्कम १४,००० कोटी रुपयांच्या वर गेली होती.